लाइट लावला, ठणका थांबला. गाउट गेला का?

गाउटचा झटका बहुधा रात्री नाहीतर पहाटे येतो. झोपताना धडधाकट असलेला माणूस अंगठ्याच्या मुळाशी असा ठणका घेऊन उठतो, की चादरीचं टोक तिथे लागलं तरी ओरडतो. अंगठा लालबुंद, गरम, टम्म सुजलेला. चप्पल चढत नाही, पाय टेकवत नाही. मग घरातलं किंवा शेजारचं कुणीतरी सुचवतं, ‘फिजिओथेरपीवाल्यांकडे लेझरचं मशीन आलंय, लाइट लावून घ्या, चार-पाच सिटिंगमध्ये मोकळे व्हाल.’ आणि माणूस खरोखरच आठवड्याभरात चालायला लागतो. हे लाइटनं झालं की आपसूक झालं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, हे प्रश्न मात्र तिथेच राहून जातात.

पुढे ज्या दोघांचं बोलणं देतो आहे, ती नात्यानं मामा-भाची. मामांनी मिरजेत उभी हयात फिजिशियन म्हणून काढली. भाची पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, तिच्याकडे लो लेव्हल लेझरचं मशीन आहे आणि ती ते रोज वापरते. नावांची इथे गरज नाही. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे आणि या एका विषयावर दोघांचं अजिबात पटत नाही.

भाचीनं सुरुवात स्वतःच्या कामापासून केली.

“मामा, मशीन म्हणजे टेबलावर मावणारा एक डबा, त्याला वायर, आणि वायरीच्या टोकाला हातात धरायचा प्रोब. पेशंटला गॉगल, मलाही गॉगल. माझा प्रोब 830 नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश. ताकद 100 मिलिवॅट. एका बिंदूवर 40 सेकंद धरला की 4 ज्यूल ऊर्जा आत जाते. अंगठ्याच्या सांध्याभोवती असे चार-पाच बिंदू घेते. तो सांधा कातडीच्या अगदी खाली आहे, खुब्यासारखा खोल नाही, त्यामुळे प्रकाश पोचतो. ऐन झटक्यात प्रोब टेकवतसुद्धा नाही, किंचित वर धरते, कारण स्पर्श सहनच होत नाही. चटका नाही, ऊब नाही, काहीच जाणवत नाही. तरी दुसऱ्या-तिसऱ्या सिटिंगला माणूस पाय टेकवत येतो. हे मी माझ्या डोळ्यांनी बघते.”

“बघतेस ते खरंच आहे,” मामा म्हणाले. “ते कशामुळे होतं, एवढंच मला विचारायचंय. अगं, गाउटचा झटका पहिल्या चोवीस तासांत शिगेला पोचतो आणि मग काहीही केलं नाही तरी आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतो. पेशंट तुझ्याकडे कधी येतो? पहिल्या दिवशी बाम, दुसऱ्या दिवशी केमिस्टकडची गोळी, तिसऱ्या दिवशी रिक्षात बसून तुझ्याकडे. तिथून पाच सिटिंग म्हणजे सातवा दिवस. सातव्या दिवशी तो तसाही बरा होणार होता. कोल्चिसिनची एक नावाजलेली चाचणी 2010 साली प्रसिद्ध झाली. त्यात ज्या गटाला नुसती बिनऔषधाची गोळी दिली होती, त्यातल्याही साधारण सहातल्या एकाचा ठणका चोवीस तासांत निम्म्यावर आला. त्या गोळीच्या जागी लाइट असता तर सगळं श्रेय लाइटला मिळालं असतं.”

भाची यावर थोडा वेळ गप्प राहिली. मुद्दा तिच्या जिव्हारी लागला होता, पण तिनं तो उडवून लावला नाही.

इथे गाउट म्हणजे नेमकं काय, ते सांगायला हवं, कारण सगळा वाद त्याच्यावरच फिरतो. आपल्या शरीरात प्युरीन नावाच्या घटकांचं विघटन होऊन युरिक अ‍ॅसिड तयार होतं. बहुतेक सस्तन प्राण्यांमध्ये ते आणखी मोडणारं एन्झाइम असतं. माणसानं ते उत्क्रांतीच्या ओघात गमावलं. त्यामुळे युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकण्याचं काम मूत्रपिंडांवर पडतं, साधारण दोन तृतीयांश तिथून आणि उरलेलं आतड्यांतून. रक्तातलं प्रमाण डेसिलिटरला 6.8 मिलिग्रॅमच्या आसपास गेलं की ते विरघळलेलं राहू शकत नाही. थंडीत मध कणीदार होतो तसे त्याचे कण सांध्यात बसायला लागतात. पायाचा अंगठा शरीराच्या थंड टोकाला असतो, म्हणून बहुतेकांचा पहिला झटका तिथेच येतो. कण वर्षानुवर्षं गपचूप बसून राहतात. मग एखाद्या दिवशी पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात आणि दाहाचा भडका उडतो. सांध्यातल्या पाण्यात हे सुईच्या आकाराचे कण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्याची पद्धत मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी 1961 साली दाखवून दिली. पेशींमधली कोणती यंत्रणा हे कण हुडकून दाहाचा इशारा देते, हे 2006 साली उलगडलं.

मामांचा सगळा भर या कणांवर होता. “तुझा लाइट कण विरघळवतो का?”

“नाही.”

“रक्तातलं युरिक अ‍ॅसिड उतरवतो?”

“नाही. तसं मी कधीच म्हटलेलं नाही. मी ठणक्याबद्दल बोलतेय. आणि मामा, ठणका ही क्षुल्लक गोष्ट नाही. तुम्ही डॉक्टर लोक ‘आठ दिवसांत उतरेल’ म्हणता, पण ते आठ दिवस ज्याला काढायचे असतात त्याची रात्र कशी जाते?”

हे तिनं बरोबर धरलं. आजार आपसूक ओसरतो ही वैद्यकशास्त्राला माहीत असलेली गोष्ट आहे, पण तेवढ्यावर वेदनेत असलेल्या माणसाला घरी पाठवणं हा उपचार होत नाही.

मग ती लेझरच्या बाजूनं नीट बोलली. “थिओडोर मेमननं पहिला लेझर 1960 साली बनवला. सात वर्षांनी बुडापेस्टमध्ये एंड्रे मेस्टर या डॉक्टरांनी उंदरांच्या पाठीवरचे केस भादरून तिथे रुबी लेझरचा मंद प्रकाश सोडला. त्यानं कर्करोग होतो का, हे त्यांना पाहायचं होतं. कर्करोग झाला नाही, केस मात्र लवकर उगवले. तिथून ही शाखा सुरू झाली. पेशींच्या मायटोकॉन्ड्रियामध्ये सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम आहे, ते लाल आणि अवरक्त प्रकाश शोषतं, त्यानं पेशीची ऊर्जा वाढते आणि दाहाचे रासायनिक संदेश मंदावतात, अशी यामागची मुख्य मांडणी आहे. आणि नुसती मांडणी नाही. मानदुखीवर 16 चाचण्यांचा, 820 रुग्णांचा आढावा 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला; तो लेझरच्या बाजूचा होता. गुडघ्याच्या झिजेवरच्या 22 चाचण्यांचा आढावा 2019 साली आला. योग्य मात्रा दिली तिथे दुखणं कमी झालं. केमोथेरपी, रेडिएशन घेणाऱ्यांच्या तोंडात जे भयंकर व्रण होतात, ते टाळायला तर हा प्रकाश आता आंतरराष्ट्रीय शिफारशींमध्ये आहे. तेव्हा हे काही गंडेदोरे नाहीत, मामा.”

“गंडेदोरे मी म्हणालोच नाही. तोंडाच्या व्रणांचं मी मानतो, मानेचंही मानतो. पण मान म्हणजे गाउटचा अंगठा नव्हे. गाउटवर काय आहे ते सांग.”

“अर्जेंटिनातला 2006 सालचा अभ्यास. गाउटच्या ऐन झटक्यातले 25 रुग्ण. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला डायक्लोफिनॅक 75 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दुसऱ्याला रोज एकदा लेझर. पाच दिवस. आराम दोन्ही गटांना पडला, पण लेझरवाल्यांचा ठणका लवकर उतरला.”

“पंचवीस,” मामा म्हणाले. “म्हणजे एका गटात बारा-तेरा माणसं. आणि नुसताच प्रोब धरला, मशीन बंद ठेवलं, असा तिसरा गट?”

“तो नव्हता.”

“मग? गोळी घेणाऱ्याला घरी पाठवलं आणि लाइट घेणाऱ्याला रोज बोलावलं, त्याच्या पायाशी कुणीतरी बसलं, विचारपूस केली. फरक लाइटचा की विचारपुशीचा, हे त्या अभ्यासातून कसं कळणार? आणि गंमत बघ, तुझ्या मशीनवर अशी चाचणी करणं सगळ्यांत सोपं आहे. गोळीची चव लागते, सुई टोचलेली कळते. तुझा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही आणि अंगाला जाणवत नाही. प्रोब चालू आहे की बंद, हे पेशंटला कळणार नाही, आणि मशीनच्या कळेला नुसते नंबर दिले तर धरणाऱ्यालाही कळणार नाही. एवढं सोपं असून गाउटसाठी अशी मोठी चाचणी कुणी का करत नाही?”

“कारण प्रकाशाचं पेटंट कुणाला मिळत नाही. गोळीच्या चाचणीमागे कंपनी उभी असते, माझ्यामागे कोण आहे?”

“मशीन विकणारे आहेत की. माहितीपत्रक छापायला त्यांच्याकडे पैसे असतात.”

या ठिकाणी माझं मत मामांच्या बाजूला झुकतं, आणि ते स्पष्ट सांगायला हवं. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं गाउटसाठी 2020 साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात झटक्याच्या वेळी औषधाच्या जोडीला बर्फ लावायला सांगितलं आहे. लेझरची शिफारस त्यात नाही. बर्फाचा पुरावाही काही डोंगराएवढा नाही. 2002 सालचा 19 रुग्णांचा एक छोटा अभ्यास, दोन्ही गटांना औषध तेच, एका गटाला वर बर्फ. बर्फवाल्यांचा ठणका जास्त उतरला. पण बर्फ घरच्या फ्रीजमध्ये असतो. सुती फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं धरायचा, त्याला सिटिंगचे पैसे पडत नाहीत. आपल्याकडे मात्र दुखलं की शेक द्यायची सवय इतकी मुरलेली आहे, की लालबुंद अंगठ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवणारी घरं आजही आहेत. भडकलेल्या गाउटवर गरम शेक देऊ नये, हे दोघांनीही एका सुरात सांगितलं.

यानंतर भाचीनं जो मुद्दा काढला त्यानं मामाही विचारात पडले.

“मामा, तुमच्याकडे औषधं आहेत हे कबूल. पण माझ्याकडे येणारा पेशंट कोण असतो ते ऐका. साठी उलटलेली. मधुमेह आहे, बीपी आहे, क्रिएटिनिन वाढलेलं आहे. त्याला पेनकिलर देता येत नाही, मूत्रपिंड आणखी बिघडेल. कोल्चिसिन जपून द्यावं लागतं, तेही मूत्रपिंडामुळेच. स्टिरॉइड दिलं की साखर तीनशेवर जाते. हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पेनकिलरनं पोटात रक्तस्राव व्हायची भीती. अशा माणसानं काय करायचं?”

“त्या माणसाला सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देता येतं. थोड्या दिवसांचा तोंडानं घ्यायचा कोर्स साखरेवर लक्ष ठेवून देता येतो. कोल्चिसिनसुद्धा पूर्वीसारखं जुलाब होईपर्यंत देत नाहीत आता. त्याच 2010 च्या चाचणीत सहा तासांत 4.8 मिलिग्रॅम घेणारे आणि तासाभरात 1.8 मिलिग्रॅम घेणारे, दोघांना आराम जवळपास सारखाच पडला. जुलाब मात्र पहिल्या गटात कितीतरी जास्त.” मामा क्षणभर थांबले. “पण तू म्हणतेस तसे पेशंट असतात. सगळ्या वाटा अरुंद झालेले. अशाला डॉक्टरच्या औषधाच्या जोडीला तू लाइट लावलास तर मी आडवा येणार नाही. त्यानं अपाय होण्याची शक्यता फार थोडी आहे, हे मला मान्य आहे.”

“जोडीला. मी तेवढंच मागतेय.”

“पण लोक जोडीला घेत नाहीत ना! लोक बदली घेतात.”

इथे मामांचा आवाज चढला, आणि का चढला ते त्यांनी सांगितलेल्या एका पेशंटवरून कळेल. ऊस बागायतदार, पन्नाशीतला. दरवर्षी दोन-तीन झटके. प्रत्येक वेळी कुठेतरी शेक, कुठेतरी लाइट, कुठेतरी इंजेक्शन, आणि आठवड्यानं शेतावर हजर. बारा-पंधरा वर्षं असंच. मामांकडे आला तो कोपरावरची गाठ फुटली म्हणून. तिच्यातून पांढरा पिठूळ लगदा येत होता. ते साठलेलं युरिक अ‍ॅसिड. कानाच्या पाळीवर बारीक पांढरे खडे. हाताची दोन बोटं वाकडी झालेली, मुठीत विळा धरता येत नव्हता. क्रिएटिनिन वाढलेलं. “त्याच्या फायलीत सांध्याचे एक्सरे होते, सिटिंगच्या पावत्या होत्या, आणि इतक्या वर्षांत युरिक अ‍ॅसिडचा रिपोर्ट एकच होता. तोही ऐन झटक्यात काढलेला, आणि त्यात आकडा नॉर्मल होता. म्हणून कुणीतरी त्याला सांगितलं होतं, तुम्हाला गाउट नाही.”

हा बारकावा प्रत्येक गाउटवाल्याच्या घरात माहीत असायला हवा. झटक्याच्या दिवसांत रक्तातलं युरिक अ‍ॅसिड खाली आलेलं दिसू शकतं. तेव्हा आकडा नॉर्मल आला तरी गाउट नाही असं ठरत नाही. झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावं लागतं.

“दुखणं थांबवणं चांगलंच,” मामा पुढे म्हणाले, “पण दर वेळी फक्त दुखणंच थांबवलं तर माणसाला वाटतं, आजारही थांबला. आत कण साठत राहतात. अ‍ॅलोप्युरिनॉल 1966 पासून बाजारात आहे. ते शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना 1988 साली नोबेल मिळालं. स्वस्त गोळी आहे. आकडा 6 च्या खाली आणून तिथे ठेवला, की कण हळूहळू विरघळतात आणि झटके थांबतात. इतकं सरळ औषध हाताशी असताना माणसाची बोटं वाकडी व्हावीत याचा मला राग येतो.”

भाचीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे विचारलं, “मामा, त्या बागायतदाराला बारा वर्षांत कुणा डॉक्टरनं अ‍ॅलोप्युरिनॉल लिहून दिलं नव्हतं?”

“दिलं होतं. दोनदा.”

“मग?”

“त्यानं सोडलं.”

“का सोडलं?”

मामांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. “गोळी सुरू केली आणि दोन आठवड्यांत झटका आला. त्याला वाटलं, गोळीनंच आला. एका अर्थी खरंही आहे. आकडा उतरायला लागला की जुने कण सुटे होतात आणि पहिले काही महिने झटके येऊ शकतात. म्हणून सुरुवात 100 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमीनं करायची, हळूहळू वाढवायची, आणि पहिले तीन ते सहा महिने कोल्चिसिनची छोटी मात्रा सोबत ठेवायची. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.”

“सांगायला वेळ कुणाला होता? ओपीडीत बाहेर साठ माणसं बसलेली असतात. तीन मिनिटांत गोळी लिहून होते, आयुष्यभर का घ्यायची ते सांगून होत नाही. माझ्याकडे तोच माणूस पाच दिवस, रोज वीस मिनिटं, पाय पुढे करून बसलेला असतो. तो माझ्याशी बोलतो, मटण कधी खाल्लं ते सांगतो, बायकोला न सांगितलेली बीअरसुद्धा मला सांगतो.”

या दोघांच्या वादात सगळ्यात मोलाचं काही असेल, तर ते मला इथे सापडलं. कारण याचा पुरावा हाताशी आहे, आणि लेझरच्या पुराव्यापेक्षा तो कितीतरी भक्कम आहे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी 517 गाउटच्या रुग्णांवर दोन वर्षांची चाचणी केली, 2018 साली ती ‘लॅन्सेट’मध्ये आली. अर्ध्या रुग्णांवर नेहमीच्या डॉक्टरांनी नेहमीसारखे उपचार केले. उरलेल्या अर्ध्यांची जबाबदारी प्रशिक्षित नर्सकडे दिली. त्या नर्सनी रुग्णाला बसवून आजार समजावून सांगितला, त्याच्या शंका ऐकल्या, आकडा मोजत मोजत गोळीची मात्रा वाढवली. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. दोन वर्षांनी नर्सच्या गटात 95 टक्के रुग्णांचा आकडा ठरलेल्या पातळीखाली होता. डॉक्टरांच्या गटात 30 टक्क्यांचा. दुसऱ्या वर्षात दोन किंवा जास्त झटके आलेले रुग्ण नर्सकडे 8 टक्के, डॉक्टरांकडे 24 टक्के.

हे आकडे मी दोघांपुढे ठेवले. मामा म्हणाले, “म्हणजे जे होत नाही म्हणून मला राग येत होता, ते काम डॉक्टरांकडूनच होत नाही, असंच ना?” भाची म्हणाली, “म्हणजे ते काम मी करू शकते.”

गोळी ती लिहून देऊ शकत नाही, आणि देऊही नये. पण प्रोब धरून बसलेली असताना ती विचारू शकते, शेवटचा युरिक अ‍ॅसिडचा आकडा किती होता, कधी काढला होता. बीपीची गोळी कोणती चालू आहे, तिच्यात लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड आहे का, हे पाहू शकते, कारण त्यानं युरिक अ‍ॅसिड वाढतं आणि डॉक्टरांना विचारून ती गोळी बदलता येते. ती सांगू शकते, की अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू केल्यावर अंगावर पुरळ आलं तर गोळी लगेच थांबवून डॉक्टरांकडे जायचं, झटका आला तर मात्र गोळी थांबवायची नाही.

पथ्याचंही ती सांगू शकते, आणि आपल्याकडे पथ्याच्या नावाखाली जो छळ चालतो तो पाहता याची फार गरज आहे. गाउट म्हटलं की घरात पहिली बंदी येते ती डाळीवर, पालकावर, टोमॅटोवर. शाकाहारी माणूस मग वरणाशिवाय भात खायला लागतो. अमेरिकेत 47 हजारांवर पुरुषांचा बारा वर्षं पाठपुरावा केलेला अभ्यास 2004 साली आला. मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांना गाउट जास्त झाला. प्युरीन असलेल्या भाज्यांनी तो वाढला नाही. दूधदुभत्यानं उलट कमी झाला. त्याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात बीअर सगळ्यांत वाईट ठरली. तेव्हा वरण, पालक, ताक खुशाल घ्यावं. मटणाचा रस्सा, कलेजी, सुकट, बोंबील आणि बीअर यांच्यावर हात आखडावा. बाटलीबंद गोड पेयंही टाळावीत, त्यांतल्या साखरेतलं फ्रुक्टोज युरिक अ‍ॅसिड वाढवतं. आणि एवढं सगळं पाळूनही आकडा बहुधा थोडाच उतरतो, म्हणून पथ्य हे गोळीच्या जागी घेऊ नये. मामा याबाबत फार आग्रही होते.

लेझरच्या नावाखाली जे काही विकलं जातं त्याबद्दल भाचीच जास्त कडक निघाली. “घरच्या घरी लावायचे लाल दिव्याचे पट्टे ऑनलाइन मिळतात. पाच मिलिवॅटचा दिवा असेल तर एका बिंदूवर 4 ज्यूल द्यायला 800 सेकंद लागतील, म्हणजे तेरा मिनिटांच्या वर. लोक दोन मिनिटं धरतात. शिवाय लाल प्रकाश सावळ्या कातडीतलं मेलॅनिन जास्त शोषून घेतं; आपल्या लोकांच्या कातडीतून अवरक्त प्रकाश जास्त आत जातो. मात्रा कमी पडली तर काही होत नाही, आणि फार वाढवली तरी परिणाम घटतो. ज्याला नॅनोमीटर, मिलिवॅट आणि सेकंद विचारल्यावर सांगता येत नाहीत, त्याच्याकडून लेझर घेऊ नये.”

“आणि ताप असेल तर?” मामांनी विचारलं. परीक्षा घ्यावी तशा सुरात.

“तर मी हात लावत नाही. लाल, गरम, सुजलेला सांधा आणि थंडी-ताप म्हणजे सांध्यात पू झालेला असू शकतो. तो थेट हॉस्पिटलमध्ये जातो, सांध्यातलं पाणी काढून तपासावं लागतं. पहिलाच झटका असेल आणि डॉक्टरांनी अजून बघितलं नसेल, तरी आधी डॉक्टर. त्या भागात कॅन्सरची गाठ असेल तर लेझर नाही. डोळ्यांवर कधीच नाही.”

मामांनी मान डोलावली. यावर त्यांचं पूर्ण एकमत झालं. लेझरनं गाउटचा ठणका उतरतो का, यावर शेवटपर्यंत झालं नाही. मामांच्या मते ते सिद्ध झालेलं नाही; भाचीच्या मते सिद्ध व्हायचं आहे, पण होईल. चालू-बंद प्रोबची नीट आखलेली चाचणी आपल्याकडच्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयानं आणि फिजिओथेरपी महाविद्यालयानं मिळून हाती घेतली तर हा प्रश्न दोन-तीन वर्षांत निकालात निघेल. मशीनं आहेत, रुग्ण आहेत, शिकणारी मुलं प्रबंधासाठी विषय शोधत असतात. माझी त्यांना मनापासून विनंती आहे, की हा विषय घ्यावा.

तोवर माझा निकाल असा. झटक्यात असलेल्या माणसानं आधी डॉक्टरांकडे जावं, औषध वेळेवर सुरू करावं, पाय उंच ठेवावा, बर्फ लावावा. औषधांना मर्यादा असतील, खिशाला परवडत असेल आणि फिजिओथेरपिस्ट जाणकार असेल, तर जोडीला लेझर घ्यायला हरकत नाही. पण लेझर घेऊन ठणका थांबला म्हणून गाउट गेला, असं समजू नये.

तुमच्या घरात कुणाला गाउट असेल, तर आज त्यांचा युरिक अ‍ॅसिडचा शेवटचा रिपोर्ट काढून बघा. तो ऐन झटक्यातला असेल किंवा वर्षापेक्षा जुना असेल तर नवीन काढा. आकडा 6 च्या वर असेल तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि तो 6 च्या खाली कसा आणायचा, हे समजेपर्यंत विचारा.